साखर उतरते, पण पेशी कधी सावरतात?

पावसाळा सरत आला की जळगाव-धुळ्याच्या पॅथॉलॉजी लॅबबाहेर एकच प्रश्न ऐकू येतो : "पेशी किती आल्या?" डेंग्यूने प्लेटलेट हा शब्द खेड्यापाड्यांत पोचवला. आकडा दीड लाखाच्या खाली घसरला की नातेवाइकांचे फोन सुरू होतात, पपईच्या पानांचा रस निघतो. मधुमेहात मात्र हा आकडा बहुतेकदा शाबूत असतो. दोन लाख, अडीच लाख, सगळे ठाकठीक. बिघडलेले असते ते पेशींचे वागणे, आणि ते नेहमीच्या रिपोर्टात छापून येत नाही.

मधुमेही माणसाच्या जिवावर बेतते ते प्रामुख्याने हृदयविकार किंवा पक्षाघातामुळे. कुणाचा पाय जातो, कुणाची किडनी, कुणाच्या डोळ्याच्या पडद्यावर रक्त उतरते. या साऱ्यात दोन पेशींचा हात असतो : रक्तातून वाहणाऱ्या प्लेटलेट आणि रक्तवाहिनीला आतून मढवणाऱ्या अस्तरपेशी. साखर आटोक्यात आणली तर या दोन्ही पूर्ववत होतात का, हा प्रश्न संशोधक कित्येक दशके तपासत आहेत. आजवरच्या पुराव्याचा गोषवारा असा : प्लेटलेट काही आठवड्यांत बऱ्याच निवळतात, अस्तरपेशी मात्र वर्षानुवर्षे जुने देणे फेडत राहतात. म्हणून साखर किती उतरवली याइतकेच ती कधी आणि कशी उतरवली यालाही महत्त्व आहे.

प्रश्न आपल्या दारातला

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 'इंडियाब' पाहणीचा पहिला टप्पा २०११ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात महाराष्ट्र होता. राज्यातल्या वीस वर्षांवरच्या ८.४ टक्के लोकांना मधुमेह आढळला, शहरांत १०.९ टक्के, ग्रामीण भागात ६.५ टक्के. आणखी १२.८ टक्के लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर होते. २०२३ मध्ये देशभराचा आकडा आला तो ११.४ टक्के, म्हणजे सुमारे १० कोटी १० लाख लोक. हा आता शहरी शेठसावकारांचा आजार उरलेला नाही. चोपड्याचा कापूस उत्पादक, रावेरचा केळीवाला, भुसावळचा निवृत्त रेल्वे कर्मचारी, शिरपूरची सूतगिरणी कामगार, सगळ्यांच्याच घरी 'शुगर'ची गोळी पोचली आहे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी केलेल्या कामातून यामागचे एक कारण पुढे आले. पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळे जन्मतः सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोंची. आपली बाळे वजनाने हलकी, पण चरबीचे प्रमाण त्या मानाने टिकून राहिलेले. कमी असतात ते स्नायू. असा 'हडकुळा पण चरबीदार' देह पुढे इन्शुलिनला लवकर दाद देईनासा होतो. लठ्ठ नाही म्हणून बिनधास्त राहणाऱ्या शेतमजुराच्या रक्तवाहिन्याही त्यामुळे चाळिशीच्या आतच साखरेच्या माऱ्यात सापडू शकतात.

अस्तर म्हणजे नुसता लेप नव्हे

रक्तवाहिनीचे अस्तर एका पेशीच्या जाडीचे असते. ते निव्वळ भिंतीचा गुळगुळीत लेप आहे, असा समज बराच काळ होता. १९७६ मध्ये जॉन व्हेन आणि सहकाऱ्यांना रक्तवाहिनीच्या भिंतीत प्रोस्टासायक्लिन सापडले. हा पदार्थ प्लेटलेटना एकमेकींना चिकटू देत नाही. १९८० मध्ये रॉबर्ट फर्चगॉट यांनी सशाच्या महारोहिणीवर प्रयोग केला. अस्तर शाबूत असेल तर ॲसिटिलकोलीनने रक्तवाहिनी सैल पडते, अस्तर खरवडले गेले असेल तर पडत नाही, असे त्यांना दिसले. अस्तरातून सुटणारा तो संदेशवाहक पुढे नायट्रिक ऑक्साइड निघाला. व्हेन यांना १९८२ चे आणि फर्चगॉट यांना आणखी दोघांसह १९९८ चे नोबेल मिळाले. प्रोस्टासायक्लिन आणि नायट्रिक ऑक्साइड हे दोन्ही पदार्थ रक्त वाहते ठेवतात. मधुमेहात या दोन्हींचा पुरवठा आटतो.

तो का आटतो? स्नायूच्या पेशीत साखर शिरण्यासाठी इन्शुलिन लागते. अस्तरपेशीचे तसे नाही. रक्तात साखर वाढली की ती आतही वाढते आणि या पेशीला आपले दार म्हणावे तसे आवळता येत नाही. न्यू यॉर्कच्या मायकेल ब्राउनली यांनी २००१ मध्ये आणि पुढे २००४ च्या बँटिंग व्याख्यानात याची सलग मांडणी केली. जादा साखर जाळताना पेशीतले मायटोकॉन्ड्रिया सुपरऑक्साइड हा दाहक रेणू ओकतात. त्यामुळे साखर पचवण्याची नेहमीची वाट मध्येच अडते आणि साखर चार आडवाटांना वळते. एका वाटेवर सॉर्बिटॉल तयार होऊन पेशीची ऑक्सिडीकरणविरोधी शिबंदी खर्ची पडते. दुसरीवर प्रोटीन कायनेज सी जागे होऊन रक्तवाहिनी आकसते. तिसरीवर प्रथिनांना साखर चिकटून 'एजीई' नावाची टिकाऊ, चिवट संयुगे बनतात. चौथीवर जनुकांचे हुकूमच बदलतात. सुपरऑक्साइड नायट्रिक ऑक्साइडलाही गाठून निकामी करतो. परिणामी रक्तवाहिनी सैल पडेनाशी होते, पांढऱ्या पेशींना धरून ठेवणारे रेणू अस्तरावर उगवतात आणि गुठळी विरघळवण्याच्या यंत्रणेला अडवणारे पीएआय-१ वाढते.

अस्तराच्या वर शर्करा-प्रथिनांचा ग्लायकोकॅलिक्स नावाचा बुळबुळीत थर असतो. प्लेटलेट भिंतीला थेट भिडू नयेत ही व्यवस्था त्याची. २००६ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी मधुमेह नसलेल्या निरोगी स्वयंसेवकांची साखर सहा तास २७० मिलिग्रॅमच्या आसपास ठेवली. तेवढ्यात या थराचे शरीरातले एकूण आकारमान निम्म्याच्या आसपास आले. नुकसान सुरू व्हायला वर्षे लागत नाहीत, एक दुपार पुरते.

प्लेटलेटचा उतावीळपणा

प्लेटलेट अस्थिमज्जेतल्या अवाढव्य पेशींचे तुकडे असतात. त्यांना केंद्रक नसते आणि आयुष्य असते सात ते दहा दिवसांचे. इन्शुलिनवाचूनच साखर त्यांच्यातही शिरते. आवरणातल्या प्रथिनांना साखर चिकटली की आवरण ताठर होते. पृष्ठभागावर गुठळीला लागणारे ग्राही रेणू वाढतात, आत कॅल्शियमचा तोल ढळतो आणि जरा निमित्त मिळाले की थ्रॉम्बॉक्सेन सुटतो. हा शेजारच्या प्लेटलेटना गोळा व्हायला सांगणारा पदार्थ. निरोगी माणसात खुद्द इन्शुलिनही प्लेटलेटना थोडे आवरते. शरीर इन्शुलिनला दाद देईनासे झाले की हाही लगाम सुटतो. मधुमेहात प्लेटलेटचा खप जास्त, म्हणून मज्जेतून कोवळ्या आणि मोठ्या प्लेटलेट अधिक संख्येने बाहेर पडतात. रक्ताच्या रिपोर्टात तळाशी 'एमपीव्ही' म्हणजे प्लेटलेटचे सरासरी आकारमान दिलेले असते, ते मधुमेहींमध्ये अनेकदा वाढलेले दिसते. मात्र नमुना किती वेळ नळीत राहिला यानेही हा आकडा फुगतो. त्यामुळे एकट्या एमपीव्हीवरून कुणी घाबरूही नये आणि निर्धास्तही होऊ नये.

शुगर उतरली की हा उतावीळपणा कमी होतो का? इटलीच्या जोव्हान्नी दावी यांच्या गटाने १९९० मध्ये याचा माग लघवीतून काढला. थ्रॉम्बॉक्सेनचा उरलेला अंश लघवीत उतरतो. टाइप २ मधुमेहींमध्ये तो निरोगी लोकांपेक्षा बराच जास्त निघाला आणि इन्शुलिनने साखर कडक आवरल्यावर तो सुमारे ५० टक्क्यांनी घटला. उलट बाजूचा पुरावा पेरुजाच्या संशोधकांनी २००३ मध्ये दिला. त्यांनी मधुमेहींची साखर चार तास २५० मिलिग्रॅमवर नेली. वेगवान प्रवाहात त्यांच्या प्लेटलेट पूर्वीपेक्षा अधिक चेतवल्या गेल्या. साखर चढली की प्लेटलेट काही तासांत बिथरतात, उतरली की काही आठवड्यांत शांतावतात. त्यांचे आयुष्यच दहा दिवसांचे असल्याने हे समजण्यासारखे आहे. जुनी खेप मरते आणि नवी खेप जरा बऱ्या रक्तात जन्माला येते. पण घट निम्मीच झाली, पूर्ण नाही, हेही ध्यानात ठेवायला हवे. बिघडलेल्या अस्तरावरून वाहणाऱ्या नव्या प्लेटलेटही चेतवल्या जात राहतात.

अखाजीचे ताट

अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी येते, झाडाला झोका बांधला जातो आणि ताटात खापरावरची पुरणपोळी, आमरस, सार, कुरडई येते. मैदा किंवा बारीक कणकेचे आवरण, आत गूळ घातलेले पुरण आणि वाटीभर रस : तिन्हींतून साखर एकदमच रक्तात येते. मधुमेह नसलेल्याचे स्वादुपिंड ती दोन तासांत निस्तरते. मधुमेहीची साखर तासा-दीड तासात शिखर गाठते आणि उतरायला दुपार घेते. सकाळी उपाशीपोटी ११० आलेला माणूस दुपारी २८० वर असू शकतो, आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणाऱ्या एचबीए१सीच्या आकड्यात ही उडी बुजून जाते.

या चढउतारांचे वेगळे नुकसान होते का, यावर बराच वाद झाला. फ्रान्सच्या लुई मॉनिए यांनी २००६ मध्ये दाखवले की टाइप २ मधुमेहींच्या लघवीतल्या ऑक्सिडीकरणाच्या खुणा सरासरी साखरेपेक्षा दिवसभरातल्या हेलकाव्यांशी अधिक जुळतात. अँतोनिओ चेरिएल्लो यांनी २००८ मध्ये साखर मुद्दाम वरखाली नेली आणि अस्तराचे काम सततच्या चढ्या साखरेपेक्षाही जास्त खालावते असे नोंदवले. मात्र इथून पुढचे पाऊल डळमळीत आहे. हृदयविकाराच्या झटक्यानंतरच्या १,११५ मधुमेहींवर झालेल्या 'हार्ट टूडी' चाचणीत जेवणानंतरची साखर मारणारे इन्शुलिन आणि दिवसभर पुरणारे इन्शुलिन यांची तुलना झाली. २००९ मध्ये निकाल आला तो बरोबरीचा. चीनमध्ये मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या हृदयरुग्णांना अकार्बोज ही जेवणानंतरची साखर रोखणारी गोळी दिली, तेव्हा मधुमेह होण्याचे प्रमाण घटले, हृदयाच्या घटना घटल्या नाहीत. म्हणजे हेलकावे पेशींना त्रास देतात याचा प्रयोगशाळेतला पुरावा सबळ आहे, पण केवळ हेलकावे शमवून झटके टळतात हे सिद्ध झालेले नाही. जेवणानंतरची साखर मोजावी, ती आकडा लपतो म्हणून. तिच्यावरच सगळा भरवसा ठेवू नये.

मोठ्या चाचण्यांचा हिशेब

पेशींवरून माणसाकडे येताना तीन चाचण्या टाळता येत नाहीत. अमेरिका-कॅनडातली डीसीसीटी चाचणी टाइप १ च्या १,४४१ रुग्णांवर झाली, १९९३ मध्ये निकाल आला. एचबीए१सी ९ ऐवजी ७ च्या आसपास ठेवल्यास नव्याने डोळ्याचा पडदा बिघडण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. चाचणी संपल्यावर दोन्ही गटांची साखर सारखीच झाली, तरी २००५ पर्यंत पूर्वी काटेकोर राहिलेल्या गटात हृदय-रक्तवाहिन्यांच्या घटना ४२ टक्क्यांनी कमी भरल्या. ब्रिटनमधल्या यूकेपीडीएसने नव्याने निदान झालेल्या टाइप २ च्या रुग्णांत हेच दाखवले. १९९८ मध्ये हृदयविकारावरचा फायदा निसटता होता. दहा वर्षांनी, साखरेतला फरक मिटून गेल्यावर, तो १५ टक्क्यांवर स्थिरावला.

अस्तरपेशीच्या आत हे कसे घडते, त्याचा एक धागा २००८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या अस्साम एल-ओस्ता यांच्या गटाने पुढे आणला. अस्तरपेशींना सोळा तास चढ्या साखरेत ठेवून पुन्हा नेहमीच्या साखरेत आणले, तरी दाह पेटवणाऱ्या जनुकावरच्या रासायनिक खुणा सहा दिवस टिकल्या. त्यात एजीईची भर असते. दीर्घायुषी प्रथिनांना चिकटलेली ही संयुगे साखर उतरली म्हणून सुटत नाहीत. पहिल्या काही वर्षांचा निष्काळजीपणा नंतरच्या काटेकोरपणाने पुरता धुऊन निघत नाही तो यामुळे. आणि सुरुवातीला राखलेली शिस्त पुढे हात सैल सुटला तरी काही काळ कामी येते, तेही यामुळेच.

तिसरी चाचणी अकॉर्ड. दीर्घकाळ मधुमेह असलेल्या, हृदयविकाराचा धोका असलेल्या १०,२५१ जणांपैकी निम्म्यांचे एचबीए१सी ६ च्या खाली नेण्याचा चंग बांधला गेला. २००८ मध्ये हा भाग मुदतीआधी थांबवावा लागला, कारण कडक गटात २५७ मृत्यू झाले होते, दुसऱ्या गटात २०३. कारणांवर आजही मतभेद आहेत, पण साखर फार खाली जाण्याकडे अनेकांनी बोट दाखवले. 'शुगर लो' झाली की शरीर ॲड्रेनॅलिन सोडते. छाती धडधडते, घाम फुटतो आणि प्लेटलेटही चेततात. जुन्या अस्तरावर अशी घटना महागात पडू शकते. भर उन्हात ग्लिमेपिराइड ही साखर उतरवणारी गोळी घेऊन, न्याहारी चुकवून कपाशी निंदायला गेलेल्या साठीतल्या माणसाला ६ चे लक्ष्य देणे शहाणपणाचे नाही. तिशीत निदान झालेल्या त्याच्या पुतण्याला मात्र ते बहुधा द्यावे.

खानदेशाच्या वेगळ्या गाठी

पहिली गाठ मोजमापाची. सातपुड्याच्या पायथ्याशी, शिरपूर, चोपडा, यावल पट्ट्यात भिल्ल, पावरा समाजांत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो. एचबीए१सी ही तपासणी तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात या गृहीतावर उभी आहे. सिकलसेल आजारात त्या लवकर मरतात, त्यामुळे साखर जास्त असूनही रिपोर्ट कमी येतो. लोहाच्या कमतरतेने होणाऱ्या पांडुरोगात उलटे होते, आकडा खोटाच वर दिसतो. सिकलसेलचा वाहक असल्यास काही यंत्रांवर आकडा चुकतो. सिकलसेल आजार अस्तराला स्वतःही इजा करतो, म्हणून अशा रुग्णात दोन्ही बाजूंनी मार बसतो. जुलै २०२३ पासून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात तपासणीची कार्डे वाटली जात आहेत. तेच कार्ड मधुमेहाच्या डॉक्टरला दाखवले, तर 'तीन महिन्यांची शुगर' ऐवजी बोटातून घेतलेल्या रोजच्या नोंदींवर किंवा फ्रुक्टोसामाइन या रक्ततपासणीवर विसंबायचे की नाही, हे तिथेच ठरेल.

दुसरी गाठ उन्हाची. जळगाव-भुसावळचा मे महिना ४५ अंश सहज ओलांडतो. ब्रिटनमधल्या कीटिंज यांनी १९८६ मध्ये निरोगी माणसांना सहा तास ४१ अंशांच्या वाऱ्यात बसवले. त्यांचे रक्त दाट झाले आणि प्लेटलेटची संख्याही वाढली. चढी साखर लघवीवाटे पाणी ओढून नेते, त्यात ऊन भर घालते. लघवीतून साखर काढणाऱ्या फ्लोझिन गोळ्या घेणाऱ्यांनी उन्हाळ्यात पाणी आणि डोस यांबद्दल डॉक्टरांशी आधीच बोलून घ्यावे. इन्शुलिनची चालू कुपीही तापलेल्या पत्र्याखाली निकामी होते. फ्रिज नसलेल्या घरात ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या माठात कोरड्या डबीत ठेवणे हा आजवर उपयोगी ठरलेला उपाय आहे.

तिसरी गाठ आहाराची. याज्ञिक यांच्या गटाने २००६ मध्ये पुणे परिसरातल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांची तपासणी छापली. ६७ टक्क्यांत बी-१२ कमी होते, ५८ टक्क्यांत होमोसिस्टीन वाढलेले. होमोसिस्टीन अस्तराला त्रासदायक असते. त्यात मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी दीर्घकाळ घेतल्याने बी-१२ आणखी उतरते. मेटफॉर्मिन बंद करण्याचे काहीच कारण नाही. वर्ष-दोन वर्षांनी बी-१२ तपासून कमतरता भरून काढायची, एवढेच.

अस्तराचे महत्त्व खानदेशाने २०२० आणि २०२१ मध्ये जिवानिशी अनुभवले. २०२० च्या उन्हाळ्यात करोनाचा मृत्युदर देशात सर्वाधिक असलेल्या जिल्ह्यांत जळगावची गणना झाली. करोना विषाणू रक्तवाहिन्यांच्या अस्तरात दाह माजवतो, हे त्याच वर्षी झ्यूरिखच्या डॉक्टरांनी दाखवले होते. पाठोपाठ स्टेरॉइड आणि चढी साखर यांच्या संगतीने म्युकरमायकोसिस हा बुरशीचा आजार आला. या बुरशीचे बीजाणू अस्तरपेशीवरच्या जीआरपी७८ या प्रथिनाला धरून आत शिरतात, आणि चढ्या साखरेत, मोकळ्या लोहात हे प्रथिन वाढते, हे २०१० मध्येच छापून आले होते.

साखरेपलीकडे

'रक्त पातळ करायची गोळी', म्हणजे ॲस्पिरिन, मधुमेहीने घ्यावी का? झटका, पक्षाघात किंवा स्टेंट झालेल्यांनी घ्यावी, याबद्दल वाद नाही. बाकीच्यांसाठी २०१८ च्या अॅसेंड चाचणीचा हिशेब पाहावा. १५,४८० मधुमेहींमध्ये गंभीर रक्तवाहिनी-घटना ९.६ टक्क्यांवरून ८.५ वर आल्या, पण मोठे रक्तस्राव ३.२ वरून ४.१ टक्क्यांवर गेले. एका हाताने दिले ते दुसऱ्याने बरेचसे काढून घेतले. शिवाय मधुमेहात नव्या प्लेटलेट भराभर येत राहतात, त्यामुळे सकाळच्या गोळीचा असर रात्रीपर्यंत विरळ होऊ शकतो. म्हणून मेडिकलवाल्याला विचारून ही गोळी सुरू करू नये आणि स्टेंट असताना आपल्या मनाने बंदही करू नये.

नव्या औषधांनी तर साखर हेच सर्वस्व नाही हे ठसवले. २०१५ च्या एम्पा-रेग चाचणीत एम्पाग्लिफ्लोझिनने हृदयविकारामुळे होणारे मृत्यू ३८ टक्क्यांनी घटवले. साखरेतला फरक मात्र फारसा नव्हता. रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि तंबाखू हे तिन्ही अस्तरावर त्याच वाटांनी हल्ला करतात. रोज विडी ओढून एचबीए१सी ६.८ ठेवणाऱ्याने आपल्या अस्तराचे अर्धेच रक्षण केलेले असते.

एवढ्या पुराव्यावरून खानदेशासाठी एक निष्कर्ष ठामपणे काढता येतो. सर्वात मोठा फायदा आहे तो पहिल्या काही वर्षांत, आणि नेमकी हीच वर्षे आपण गमावतो. यूकेपीडीएसमध्ये निदानाच्या दिवशीच सुमारे निम्म्या रुग्णांत गुंतागुंतीची चिन्हे होती. इंडियाबच्या पहिल्या टप्प्यात मधुमेह असलेल्या सुमारे निम्म्या लोकांना आपला आजार ठाऊकच नव्हता. तिशीनंतरच्या प्रत्येकाची तपासणी ही राष्ट्रीय कार्यक्रमातली तरतूद कागदावर आहे. आशा कार्यकर्तीने फॉर्म भरला, उपकेंद्रात बोटाचे रक्त घेतले, आकडा २१० आला, एवढ्यावर थांबले तर अस्तराला काहीच मिळत नाही. त्याच महिन्यात औषध सुरू होणे, तीन महिन्यांनी माणूस परत येणे, सिकलसेल पट्ट्यात योग्य ती तपासणी निवडली जाणे, हे खरे काम आहे. धुळ्याचे श्री भाऊसाहेब हिरे महाविद्यालय आणि जळगावला २०१८ पासून सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यांच्या बाह्यरुग्ण विभागांत पायाला जखम घेऊन येणाऱ्या मधुमेहींची रांग कमी व्हायची असेल, तर ती शस्त्रक्रियागृहात होणार नाही. दहा वर्षे आधी, उपकेंद्राच्या ओट्यावर मोजलेला पहिला आकडा गांभीर्याने घेतला गेला, तरच ती कमी होईल.